घशाच्या वॉर्डाचं गाजर

माझी मावशी एका मोठ्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं भाजी चिरत होती. कुणाला हे सांगितलं की समोरचा विचारी, "म्हणजे स्वयंपाक करता?" मावशी म्हणे, "छे हो. रांधणारे वेगळे. मी नुसती चिरते." 'नुसती' म्हणताना तिच्या ओठांचा कोपरा जरासा वर जाई. हातात हुकमाचं पान असलेला माणूस डाव हरल्यासारखं बोलतो ना, तसं.

ते स्वयंपाकघर तळघरात होतं. भिंतीच्या अगदी वर एक लांबट खिडकी होती आणि तिच्यातून बाहेरच्या फरशीवरून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसत. मधोमध स्टीलचं लांब टेबल, दोन्ही बाजूंना चार-चार बायका. मावशीची जागा खिडकीखाली, कोपऱ्यात. तिची सुरी एकतीस वर्षांत धार लावून लावून निम्मी झाली होती. पातं करंगळीएवढं अरुंद. नव्या सुऱ्या आल्या तेव्हा तिने एक घेतली, दोन दिवस वापरली आणि परत ठेवली. "हिला अजून काही माहीत नाही," म्हणाली.

टेबलावर गाजरांची पाटी आली की बाकीच्या बायका सुऱ्या उचलत. मावशी आधी विचारी, "कुणासाठी?"

"तुझ्या सासूसाठी!" समोरची बाई ओरडे. तिचं नाव सगळ्यांनी टकळी ठेवलं होतं, आणि ते तिला स्वतःलाही मान्य होतं.

"सासूला दात होते शेवटपर्यंत. मोठे चालले असते. खरं सांग."

"चौथा. हाडांचा."

मग सुरी चाले.

हाडांच्या वॉर्डात बहुतेकांचा एक हात प्लास्टरमध्ये असतो. तिथला काप जाड हवा, एका हाताने काटा टोचला की चिकटून यायला हवा. पातळ केला तर तो ताटभर पळतो. दात नसलेल्या म्हाताऱ्यांचा कोबी बारीक आणि आडवा कातरायचा. उभा कातरला तर त्याचे धागे तोंडात घोळत राहतात. मुलांना दाढेएवढे तुकडे, कारण मोठा तुकडा बघूनच मूल तोंड मिटतं. डोळ्यांच्या वॉर्डात मात्र सगळं एका मापाचं. डोळ्यांवर पट्टी असली की पुढचा घास केवढा येतोय ते दिसत नाही. तो मागच्याएवढाच असला तर माणूस बिचकत नाही. आणि घशाचा वॉर्ड. तो तिसरा. तिसऱ्याचं मावशी कुणालाच करू देत नसे.

मी तेव्हा शिक्षणासाठी तिच्याकडे राहत होते. दोन खोल्या, तीन माणसं. मावशी, काका आणि मी. काका रंगारी होते. पण त्यांचे हात थरथरू लागले आणि शिडीवरून कायमचं उतरावं लागलं. एक सफरचंद घरात आलं तरी मावशी विचारी, "कुणासाठी?" काकांना सालासकट जाड फोडी, थरथरत्या बोटांत धरता याव्यात म्हणून. मला पातळ चकत्या, पुस्तकावरची नजर न उचलता खाता याव्यात म्हणून. स्वतः ती बियांभोवतीचा गाभा खाई आणि म्हणे, "हेच गोड असतं, तुम्हाला काय कळतंय."

एकदा मी तिला विचारलं, हे विचारायची सवय तुला कुठून लागली? तिने सुरी पुसत पुसत सांगितलं. कामाला लागून तिला जेमतेम दुसरं वर्ष चाललं होतं. वय बावीस. एका सकाळी कुणीतरी पाटीभर गाजरं दिली, तिने भराभर गोल चकत्या केल्या. छान, एकसारख्या, नाण्यांसारख्या. त्या दिवशी तिसऱ्या वॉर्डाची गाडी वेळेआधीच खाली आली. एका ताटात सगळं जसंच्या तसं होतं, फक्त चकत्यांमधली एक कमी होती. ती त्या माणसाच्या घशात बसली होती. काढली म्हणे. दोन दिवसांनी तो माणूस गेला.

"तो त्यानेच गेला असं कुणी म्हणालं नाही," मावशी म्हणाली. "त्याने गेला नाही असंही कुणी म्हणालं नाही."

"तुला ओरडले?"

"नाही ना. ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडून झालं की संपतं."

तिचं एकतिसावं वर्ष चालू असताना इस्पितळाने स्वयंपाकघर एका कंपनीच्या ताब्यात दिलं. पहिल्या आठवड्यात टोप्या आल्या, दुसऱ्या आठवड्यात भिंतीवर एक भला मोठा तक्ता आला. त्याच्यावर नऊ इंग्रजी शब्द, प्रत्येकाशेजारी चित्र, आणि चित्राखाली मिलिमीटर. चिरणाऱ्या बायकांना एकत्र बोलावून मोठ्या आचाऱ्यांनी सांगितलं की कंपनीची चाळीस स्वयंपाकघरं आहेत, सगळीकडे हेच नऊ शब्द चालतात. चार आठवड्यांनी परीक्षा. कंपनीच्या बाई येऊन शब्द उच्चारतील, तुम्ही तसं चिरून दाखवायचं. नऊपैकी सात आले तर टेबलावर राहाल.

"आणि नाही आले तर?" टकळीने विचारलं.

"कामावरून कुणाला काढणार नाहीत. दुसरीकडे टाकतील."

मावशीने दुसराच प्रश्न विचारला. पाट्यांबरोबर येणाऱ्या वॉर्डांच्या चिठ्ठ्या कधीपासून बंद होणार?

"बंदच झाल्या समजा. आता छापील कागद येईल. गाजर, डाइस, चौदा किलो. असा."

"आणि वॉर्डाचं नाव?"

"त्याची काय गरज, ताई? सगळ्यांना एकच माप."

त्या दिवशी ती घरी आली ती मुठीत कागद धरूनच. टकळीच्या मुलीकडून तिने ते नऊ शब्द मराठी अक्षरांत उतरवून आणले होते. चॉप, स्लाइस, डाइस, मिन्स, श्रेड, ग्रेट, पील, ट्रिम, कार्व. कागद माझ्यासमोर ठेवून ती म्हणाली, "तू एवढी पुस्तकं वाचतेस. हे माझ्या डोक्यात घाल. टेबलावरून उठवलं तर मी काय करू?" ती माझ्याकडे काही मागतेय असं मी राहायला आल्यापासूनच्या आठ महिन्यांत पहिल्यांदाच झालं होतं.

मी उत्साहाने शब्दकोश काढला. नऊच कशाला, सगळेच सांगते, म्हटलं. कापडाला कात्री लावणं निराळं, बोटाएवढा दोरा कच्चकन तोडणं निराळं, मेंढीची लोकर भादरणं निराळं. मी वाचत होते आणि ती प्रत्येक शब्दापाशी थांबवत होती.

"हे हॅक म्हणजे?"

"कसंही, सपासप, रागाने तोडायचं."

"आणि स्लॅश?"

"एकाच फटक्यात लांब वार."

"ह्यांनी भाजी चिरतात?"

"नाही गं. ह्यांनी बहुतेक माणसं."

"मग ते कंपनीकडेच राहू देत. मला नऊ पुरे."

काका पलंगावरून म्हणाले, "मला एकच पुरतो. वाढ."

आम्ही नऊ शब्दांना लागलो. मी बटाटे घेऊन बसले, ती सुरी घेऊन. चॉप म्हणजे सुरी वरून खाली येते, तुकडा कसा पडला ह्याची फार फिकीर नाही. मिन्स म्हणजे पुन्हा पुन्हा, इतकं बारीक की तो बटाटा होता की गाजर हे तोंडाला कळू नये. स्लाइस म्हणजे सुरी एका बाजूने आत जाते आणि दुसऱ्या बाजूने शांतपणे बाहेर पडते. डाइस म्हणजे फासे, सहाही बाजू सारख्या. श्रेड म्हणजे कातरायचं, ग्रेट म्हणजे किसायचं, पील म्हणजे सोलायचं, ट्रिम म्हणजे नको ते काढून टाकायचं. कार्व म्हणजे शिजलेलं मांस हाडावरून उतरवायचं, मोठ्या ताटात, पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत.

"म्हणजे दाखवायचं कापणं," मावशी म्हणाली. मग तिने हातातला बटाटा फिरवला. "गंमत आहे. आपण भाजी चिरतो, फळ कापतो, फूल खुडतो, झाड तोडतो, कापड बेततो, नखं काढतो. काय कापतोय त्याप्रमाणे शब्द. ह्यांचं कसं कापतोय त्याप्रमाणे."

मी चकित झाले. वर्गात हे कुणी इतक्या सरळ सांगितलं नव्हतं.

"आणि कुणासाठी कापतोय," ती म्हणाली, "त्याप्रमाणे कुणाकडेच नाही?"

मी म्हटलं, बघून सांगते. आजवर सांगितलेलं नाही.

पण शब्द तिच्या डोक्यात टिकत नव्हते. संध्याकाळी नऊच्या नऊ येत, सकाळी डब्याला झाकण लावेपर्यंत चार उरत. वय एक्कावन्न, परका उच्चार, आणि त्यातले डाइस-स्लाइस तर जुळे भाऊ. चौथ्या दिवशी तिने कागद उलटा ठेवला. "जाऊ दे. पालथ्या घड्यावर पाणी."

तेव्हा मला ती युक्ती सुचली. मी म्हटलं, प्रत्येक शब्दाला एक वॉर्ड दे. मिन्स म्हणजे घशाचा. डाइस म्हणजे मुलांचा. स्लाइस, हाडांचा. श्रेड, म्हाताऱ्यांचा. चॉप, खालच्या उपाहारगृहातले धडधाकट लोक. कार्व, मोठ्या डॉक्टरांची मेजवानी. पील, ट्रिम आणि ग्रेटला वॉर्ड नको, ती तुझी हातकामं.

मावशीचा चेहरा उजळला. "असं सांग की मग आधीच!"

दुसऱ्या सकाळी नऊच्या नऊ आले. तिसऱ्या सकाळी उलटसुलट विचारले तरी आले. ती भांडी घासत असताना मी दारातून ओरडे, "श्रेड!" आणि ती वळून न बघता म्हणे, "सहावा वॉर्ड, खिडकीकडची म्हातारी, कवळी हरवलेली." काकाही ओरडायला लागले. त्या तीन आठवड्यांत घरात जेवढं हसणं झालं तेवढं त्याआधी किंवा नंतर मी तिथे ऐकलं नाही. मला माझं स्वतःचंच फार कौतुक वाटत होतं.

मिलिमीटरही मी तिच्याकडून पाठ करून घेतले. डाइस, दहा. स्लाइस, पाच. ती म्हणून दाखवी, एकही आकडा चुकत नसे. पण दहा मिलिमीटर म्हणजे केवढं, हे आम्ही एकदाही मोजलं नाही. माझ्या पिशवीत पट्टी होती. रोज मी तिने रेषा मारत होते. ती काढून मावशीच्या बटाट्याशेजारी ठेवावी हे मला सुचलं नाही. मी तिच्याकडून शब्द म्हणवून घेत होते. आणि ती शब्द म्हणत म्हणत एकीकडे चिरत होती, एकतीस वर्षं चिरत आली तसं, त्या त्या वॉर्डाच्या मापाने.

परीक्षेच्या दिवशी दुपारी ती टकळीबरोबर घरी आली. चपला काढल्या आणि सरळ मोरीत जाऊन हात धुऊ लागली. पाण्याचा आवाज थांबेना. टकळी खुर्चीच्या कडेवर बसली. एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता येईना.

"अगं, सगळ्यांत आधी हिलाच बोलावलं. बाई तशा बऱ्या होत्या, वयाने तुझ्याएवढ्याच. पांढरे हातमोजे. म्हणाल्या, 'डाइस. कॅरट.' आम्ही सगळ्या रांगेत उभ्या. आणि ही म्हणते काय? 'कुणासाठी?'"

"मग?"

"मग काय, हसले सगळे. मीही हसले, खोटं कशाला सांगू. बाई म्हणाल्या, 'कुणासाठी नाही. परीक्षेसाठी.'"

मोरीतला आवाज तसाच चालू होता.

टकळीने हाताने दाखवलं. बाईंकडे एक पारदर्शक पट्टी होती, तिला चौकोनी भोकं. तुकडा दहाच्या भोकातून पडायला हवा आणि आठच्या भोकात अडकायला हवा. "हिचे पटापट आठच्याही भोकातून खाली. सुरेख हं, एकासारखा एक. पण बारीक. बाईंनी फुली मारली. मग स्लाइस. हिचे काप जाडजूड, पट्टीत शिरेचनात. फुली. मग श्रेड. तक्त्यात लांब लांब धागे आहेत ना? हिने आडवं कातरून भुगा केला. फुली. बाकीचे सहा आले. मिन्सला तर बाई म्हणाल्या, असं मी बघितलं नाही. पण सहाच."

एकाने हुकलं.

"अगं, थांब. ज्यांचं एकाने हुकलंय त्यांना एक संधी. बाईंनी हिला परत बोलावलं. 'डाइस परत करा,' म्हणाल्या. पट्टी हिच्या चिरायच्या पाटाशेजारी उभी करून ठेवली, गं! म्हणाल्या, 'एवढे. दहा.' आणखी काय करायचं त्या बाईने? मी इकडून बोटांनी खुणा करतेय, मोठे, मोठे. हिने गाजर उचललं. आणि मोठ्या आचाऱ्यांना विचारते, 'हे चिरलेलं कुठे जाणार?'"

"कुठे जाणार होतं?"

"टाकून थोडंच देतात? दुपारच्या सूपमध्ये. ही म्हणते, 'कुणाच्या?' ते म्हणाले, 'मुलांच्या आणि तिसऱ्याच्या.' मग सुरी घेतली. चिरलं. सगळे आठच्या भोकातून खाली." टकळीने आपले तळवे मांडीवर पालथे टाकले. "मला आठ मिळाले. मला! पट्टी शेजारी ठेवली नि कापत सुटले. जिला एक कांदा धड चिरता येत नाही तिला आठ. देवाने मला नुसती जीभ दिली आणि हिला हात दिला."

"आणि हिने चिरलेलं?"

"ते काय, सगळ्यांचंच एका पातेल्यात ओतलं. हिचं बारीक, आमचं जाड, सगळं एकत्र."

मावशी मोरीतून बाहेर आली. पदराला हात पुसत म्हणाली, "हाताने ऐकलं नाही."

काका तिच्याकडे बघत होते. त्यांनी आपला थरथरता हात पांघरुणावर उचलून धरला. "हात माझा ऐकत नाही. तुझा कधीपासून?"

टकळी निघून गेल्यावर मी म्हटलं, मी जाते, त्यांना सांगते की चूक माझी आहे. शिकवताना मीच घोळ घातला.

"काय सांगशील?" मावशी म्हणाली. "मावशीला शब्द येतात पण माप येत नाही, असं? का माप येतं पण..." ते तिने तिथेच सोडलं. मग माझ्या केसांवरून हात फिरवून म्हणाली, "तुझे शब्द सगळे आले हं. एकही चुकला नाही."

तिने रागावून बोलावं असं मला फार वाटलं. ओरडून झालं की संपतं.

पुढच्या सोमवारपासून तिला उष्ट्याच्या खिडकीवर बसवलं. वॉर्डांतून ताटं खाली येतात, तिथे एक चौकोनी खिडकी असते. ताट घ्यायचं, चमच्याच्या पाठीने एका झटक्यात खरवडायचं, पिंपात टाकायचं, ताट पुढे सारायचं. तासाला दोनशे. ह्या कामालाही कंपनीचा एक इंग्रजी शब्द होता, स्क्रेप, तिच्या ॲप्रनवर तो छापलेला होता. तो त्या नऊमध्ये नव्हता, म्हणून त्याची परीक्षा नव्हती.

चिरलेलं कुठे जातं ते तिने एकतीस वर्षं मनाने बघितलं होतं. आता ते डोळ्यांना दिसू लागलं. कुठलं ताट कुठल्या वॉर्डाचं हे तिला न सांगता कळे. हाडांच्या ताटांत पातळ काप चहूकडे पांगलेले, काही तर ताटाखाली. म्हाताऱ्यांच्या ताटांत कोबीच्या चघळून टाकलेल्या गुठळ्या. मुलांच्या ताटांत सूप संपलेलं, तळाशी फाशांचा ढीग. तिसऱ्याच्या ताटांत मात्र गाजराचे तुकडे कडेला एका ओळीत मांडून ठेवलेले. ज्यांना गिळता येत नव्हतं त्यांनी ते तोंडातून काढून, नीटनेटके, कुणाची तक्रार नाही अशा बेताने लावून ठेवले होते.

पहिल्या आठवड्यात तिने तिसऱ्याचे तुकडे एका वाडग्यात जमवले आणि मोठ्या आचाऱ्यांसमोर नेऊन ठेवले. ते माणूस म्हणून वाईट नव्हते.

"ताई, मला दिसत नाही का? पण कागदावर वॉर्डच नसतो. मी कुणासाठी काय वेगळं करायला सांगू?"

"मला विचारा."

"तुम्हाला विचारायचा रकाना नाही त्यात."

दुसऱ्यांदा ती वाडगा घेऊन गेली तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. तिसऱ्यांदा कंपनीच्या देखरेख करणाऱ्याने वाटेतच वाडगा काढून घेतला. उष्टं परत स्वयंपाकघरात आणायचं नाही, नियम आहे. नियम बरोबरच होता. चार दिवसांनी तिला एक पत्र मिळालं, इंग्रजीत. मी ते वाचून सांगितलं: उष्टं पुन्हा आत आणलं तर काम जाईल. ह्या वेळी शब्दाला शब्द सांगितला, माझ्या पदरचं काहीही घातलं नाही. ती म्हणाली, "बरं." आणि पत्राची घडी करून तिने ती त्या नऊ शब्दांच्या कागदाखाली ठेवली.

त्यानंतर तिने वाडगा नेला नाही. टकळी रोज जाता-येता खिडकीपाशी थांबे, काहीबाही बोले. एकदा सांगत होती की कोपऱ्यातली मावशीची जागा आता तिला दिली आहे, वर पाय दिसतात तिथली. "तू सांगायचीस ना, कोण भेटायला चाललंय नि कोण भेटून निघालंय? मला तर सगळे सारखेच दिसतात गं." मावशी हसली. ताट खरवडून पुढे सारलं.

घरी ती पूर्वीसारखीच होती असं मी कितीतरी दिवस स्वतःला समजावत राहिले. स्वयंपाक करी, काकांना औषध देई, माझ्या पुस्तकांवरची धूळ झटकी. पण ओठांच्या कोपऱ्यातलं तिचं ते हसू गेलं होतं. आणि "कुणासाठी?" हा शब्द कधी थांबला ते माझ्या लक्षातही आलं नाही. काकांच्या ताटात भाजीचे लहान लहान चौकोन यायला लागले. ते त्यांच्या बोटांतून निसटत आणि छातीवर पडत. एकदा ते म्हणाले, "अगं, मला जरा मोठं करत जा." ती "हो" म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यांनी नंतर म्हणणं सोडलं आणि चमचा मागून घेतला.

तिसऱ्या महिन्यात माझी अक्कलदाढ काढली. गाल टोमॅटोसारखा सुजला होता, जबडा बोटभरही उघडत नव्हता. दोन दिवस मी पेजेवर होते. तिसऱ्या दिवशी मावशी कामावरून आली, माझ्याकडे एक नजर टाकली आणि टोपलीतलं सफरचंद घेऊन कट्ट्यापाशी उभी राहिली. मी तिच्या पाठीकडे बघत होते. सुरीचा आवाज आला. बरं वाटलं. मला वाटलं, आता ती विचारेल. मग वाटलं, विचारायचं कशाला, तिला दिसतंयच.

तिने बशी आणून माझ्या मांडीवर ठेवली. सफरचंदाचे फासे. सहाही बाजू सारख्या, एकासारखा एक, बशीत काठोकाठ. मी उठून पिशवीतली पट्टी काढली नाही. काढायची गरज नव्हती.

मी एक उचलून ओठांशी नेला. आत जाईना.

"मावशी," मी म्हटलं, "चाववत नाही गं."

तिने माझ्या गालाकडे पाहिलं. नीट पाहिलं, पहिल्यांदाच पाहिल्यासारखं. मग तिने माझ्या मांडीवरून बशी उचलली, चमच्याच्या पाठीने एका झटक्यात बादलीत खरवडली आणि बशी विसळून पालथी घातली.

टोपलीत आणखी एक सफरचंद होतं. त्याला तिने हात लावला नाही.